परवलीचा शब्द, संगणकीय : विस्मृती व पुनःप्रवेश

संगणकाचा वापर करू इच्छिणाऱ्या व्यक्तीने आपली ओळख पटविण्यासाठी पुरवावयाची गुप्त अक्षरमालिका म्हणजे संगणकीय परवलीचा शब्द होय. व्यवहारात यास ‘पासवर्ड’ असेच म्हणतात. ही मालिका केवळ संबंधित व्यक्तीलाच ठाऊक असते, हे गृहीतक या पद्धतीचा पाया आहे. आणि ती त्या व्यक्तीलाच आठवेनाशी झाली म्हणजे हा पायाच खचतो. यंत्र सुस्थितीत असते, त्यातील माहिती शाबूत असते, मालकही समोर बसलेला असतो. परंतु यंत्राच्या दृष्टीने विसराळू मालक व चोर यांत काडीचाही फरक नसतो. मालकाला आत घेण्यासाठी जी वाट ठेवावी ती चोराला सापडते आणि चोरासाठी जी बुजवावी ती मालकालाही बंद होते. सु. १९६० नंतरच्या काळात या प्रश्नाची जी निरनिराळी उत्तरे देण्यात आली, त्यांचा परामर्श प्रस्तुत नोंदीत घेतला आहे.

परवलीचा शब्द ही कल्पना अर्थातच संगणकाहून फार जुनी आहे. ग्रीक इतिहासकार पोलिबियस याने रोमन सैन्याच्या छावणीतील व्यवस्थेचे वर्णन केले आहे. त्यानुसार रात्रीचा परवलीचा शब्द लाकडी पट्टिकेवर लिहून एका तुकडीकडून दुसरीकडे पाठविला जाई व अंधार पडण्यापूर्वी ती पट्टिका परत येणे आवश्यक असे. मात्र तेथे पहारेकरी हा माणूस होता. शब्द चुकला, तरी चेहरा, आवाज, बोलण्याची ढब यांवरून त्याला काही निर्णय करता येत असे. संगणकाच्या पहाऱ्यात ही सोय उरली नाही.

उगम : प्रारंभीच्या संगणकांना परवलीच्या शब्दाची गरजच नव्हती. यंत्र एका वेळी एकाच व्यक्तीचे काम करीत असे व ते ठेवलेल्या खोलीचे कुलूप हेच त्याचे संरक्षण होते. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एम्. आय्. टी.) या संस्थेत फर्नांदो कॉर्बातो (१९२६–२०१९) व त्यांचे सहकारी यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये एकाच संगणकाचा अनेकांना एकाच वेळी वापर करू देणाऱ्या कालविभागी प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखविले. ‘सी. टी. एस्. एस्.’ या आद्याक्षरांनी ही प्रणाली प्रसिद्ध आहे. आता एकाच चकतीवर अनेकांच्या धारिका राहू लागल्या आणि प्रत्येकाला संगणकाचा ठराविक वेळ वाटून देणेही आवश्यक झाले. यासाठी प्रत्येक वापरकर्त्याला नाव व परवलीचा शब्द देण्यात आला. तो टंकित करीत असताना दूरमुद्रकावरील कागदावर उमटू नये म्हणून मुद्रण तेवढ्यापुरते बंद ठेवले जाई. आजच्या पडद्यावरील ठिपक्यांचा हा पूर्वज म्हणावा लागेल.

या प्रणालीत सर्वांचे परवलीचे शब्द एका धारिकेत जसेच्या तसे लिहिलेले असत. विसरणाऱ्याच्या दृष्टीने ही आदर्श व्यवस्था होती. व्यवस्थापकाने धारिका पाहिली की काम झाले. सुरक्षिततेच्या दृष्टीने मात्र ती फार काळ टिकली नाही. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक-विद्यार्थ्याला आपल्या वाट्याचा संगणकवेळ अपुरा पडू लागला, तेव्हा त्याने छिद्रित पत्रांद्वारे मुद्रणाची मागणी नोंदवून ती धारिकाच छापून घेतली. ही गोष्ट त्याने सु. पंचवीस वर्षांनी उघड केली. पुढे १९६६ च्या सुमारास याहून विलक्षण प्रकार घडला. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन वेगवेगळ्या धारिकांत दुरुस्ती करीत होते. संपादनाच्या कार्यक्रमात तात्पुरत्या धारिकेचे नाव ठरलेले असल्याने दोहोंची अदलाबदल झाली आणि सर्वांना दाखवावयाच्या दैनंदिन सूचनेच्या जागी परवलीच्या शब्दांची संपूर्ण यादीच प्रत्येक दूरमुद्रकावर छापली जाऊ लागली. कॉर्बातो यांनी ट्युरिंग पारितोषिकाच्या वेळी दिलेल्या व्याख्यानात या घटनेचा उल्लेख केला आहे. तीत कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता, हे विशेष होय.

एकदिश रूपांतर : या अडचणीवरील उपाय इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठात सापडला. तेथील ‘टायटन’ या संगणकासाठी रॉजर नीडम (१९३५–२००३) यांनी परवलीचा शब्द मूळ रूपात न साठविता त्याचे एकदिश रूपांतर साठविण्याची पद्धत अंमलात आणली. मॉरिस विल्क्स (१९१३–२०१०) यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या कालविभागी प्रणालींवरील ग्रंथात तिचे वर्णन केले. या पद्धतीत शब्दावर अशी गणिती प्रक्रिया करतात की, शब्दावरून मूल्य काढणे सोपे असते. पण मूल्यावरून शब्द काढणे जवळजवळ अशक्य असते. वापरकर्त्याने शब्द दिला म्हणजे संगणक तीच प्रक्रिया पुन्हा करतो व येणारे मूल्य साठविलेल्या मूल्याशी ताडून पाहतो. धारिका चोरीस गेली, तरी चोराच्या हाती केवळ ही मूल्ये लागतात.

या सुधारणेचा दुसरा परिणाम सहसा सांगितला जात नाही. विसरलेला शब्द सांगणे आता खुद्द व्यवस्थापकालाही अशक्य झाले. तो जुना शब्द पुसून नवा देऊ शकतो, इतकेच. तेव्हापासून ‘परवलीचा शब्द परत मिळविणे’ हा प्रयोग, काटेकोरपणे पाहता, चुकीचा ठरतो. परत मिळतो तो प्रवेश, शब्द नव्हे. एखादी संस्था वापरकर्त्याला त्याचा जुना शब्द जसाच्या तसा कळवू शकत असेल, तर तिने तो उघड वा उलगडता येईल अशा रूपात ठेवला आहे, असे निःशंकपणे समजावे.

बेल प्रयोगशाळेत विकसित झालेल्या ‘युनिक्स’ या परिचालन प्रणालीत हे तत्त्व पुढे नेण्यात आले. रॉबर्ट मॉरिस (१९३२–२०११) व केन टॉमसन (१९४३– ) यांनी नोव्हेंबर १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याचा इतिहास दिला आहे. दुसऱ्या महायुद्धातील एका कूटलेखन यंत्राची नक्कल करणारी आधीची प्रक्रिया फार जलद असल्याने शब्दामागून शब्द चाचपून पाहणाऱ्याला तिचा फायदाच होई. म्हणून तिच्या जागी ‘डी. ई. एस्.’ या कूटलेखन मानकाची बदललेली आवृत्ती पंचवीस वेळा चालविण्याची योजना केली गेली. शिवाय प्रत्येक शब्दात बारा द्विमान अंकांची यादृच्छिक भर घालण्यात आली. या भरीला ‘मीठ’ असे मार्मिक नाव मिळाले. तिच्यामुळे एकच शब्द ४,०९६ निरनिराळ्या रूपांत साठविला जाऊ शके. याच निबंधात ३,२८९ प्रत्यक्ष वापरातील शब्दांची पाहणी आहे. त्यांपैकी १५ शब्द एकाच अक्षराचे, ७२ दोन अक्षरांचे व ४६४ तीन अक्षरांचे होते. एकूण २,८३१ म्हणजे ८६ टक्के शब्द अतिशय छोटे किंवा शब्दकोश व नावांच्या याद्या यांत सहज सापडणारे निघाले. लोक लक्षात राहील असाच शब्द निवडतात आणि लक्षात राहणारा शब्द ओळखता येतो. या पाहणीने दाखविलेले हे वास्तव नंतरच्या चाळीस वर्षांतील कोणत्याही नियमाने मुळातून बदलले असे दिसत नाही.

स्वतः टॉमसन यांचा १९८० च्या सुमारास वापरात असलेला शब्द मात्र या नियमाला अपवाद होता. त्याचे रूपांतरित मूल्य जुन्या धारिकांत टिकून राहिले व २०१९ मध्ये, आधुनिक चित्रप्रक्रियकाने काही दिवस अखंड गणना केल्यावर तो उलगडला. बुद्धिबळातील वजिरापुढील प्यादे दोन घरे पुढे सरकविण्याची ती खूण होती. बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्राची रचना करणाऱ्या टॉमसन यांना ती विसरण्याचे कारण नव्हते.

यंत्र हाती असलेला मनुष्य : व्यवस्थापकच आपला शब्द विसरला तर काय, या प्रश्नाचे युनिक्सने दिलेले उत्तर भौतिक स्वरूपाचे होते. मुख्य नियंत्रण फलकापाशी बसलेल्या व्यक्तीने संगणक ‘एकल वापरकर्ता’ अवस्थेत सुरू केला, तर तिला शब्द न विचारता सर्वाधिकार मिळत. मग धारिकेतील व्यवस्थापकाच्या नावापुढील रूपांतरित मूल्य पुसले की झाले. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या ‘व्हॅक्स’ संगणकांवरील ‘व्ही. एम्. एस्.’ प्रणालीतही संगणक सुरू करतानाच नेहमीच्या वापरकर्ता-सूचीऐवजी पर्यायी सूची वापरावयास सांगण्याची सोय होती. या योजनांमागील तर्क सरळ आहे : यंत्राच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे, तो विश्वासू.

व्यक्तिगत संगणक टेबलावर व पुढे पिशवीत आला, तेव्हा खोलीची किल्ली हे प्रमाण निरर्थक झाले. तर्क मात्र कायम राहिला. आय्. बी. एम्. कंपनीचा १९८१ मधील व्यक्तिगत संगणक परवलीचा शब्द विचारीतच नसे. १९८४ च्या ‘ए. टी.’ या प्रतिमानाला खरेखुरे धातूचे कुलूप होते. ते लावले की कळफलक निष्क्रिय होई. त्यानंतर यंत्र चालू होतानाच विचारावयाचा शब्द मुख्य मंडलावरील बॅटरीवर चालणाऱ्या स्मृतीत ठेवण्याची पद्धत आली. हा शब्द विसरल्यास बॅटरी काही काळ काढून ठेवणे किंवा मंडलावरील छोटी जोडपट्टी हलविणे एवढा उपाय पुरे. संगणक दुरुस्त करणाऱ्यांच्या हातखंडा युक्त्यांत याची गणना होऊ लागली, तेव्हा अंकसंगणकाच्या (लॅपटॉपच्या) काही निर्मात्यांनी तो शब्द वीज नसतानाही टिकणाऱ्या स्मृतीत हलविला आणि विसरणाऱ्या मालकाला मुख्य मंडल बदलण्याचा खर्च सोसावा लागू लागला.

मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या ‘विंडोज ९५’ मध्ये (१९९५) प्रवेशाची चौकट असे. पण ती रद्द करूनही आत जाता येई. हा शब्द जाळ्यातील साधनांसाठी व व्यक्तिगत मांडणीसाठी होता, यंत्राच्या रक्षणासाठी नव्हता. १९९३ मध्ये आलेल्या ‘विंडोज एन्. टी.’ची घडण वेगळी होती. तीत रूपांतरित मूल्ये एका सुरक्षित नोंदवहीत असत व प्रणाली चालू असताना ती उघडता येत नसे. पण ‘प्रणाली चालू असताना’ या शब्दांतच तिची मर्यादा होती. १९९७ च्या सुमारास नॉर्वेमध्ये तयार झालेल्या एका विनामूल्य साधनाने संगणक लवचिक चकतीवरील ‘लिनक्स’ प्रणालीने सुरू करून, निद्रिस्त विंडोजच्या नोंदवहीतील मूल्य थेट पुसून टाकता येई. पुढील काळात अपंगांच्या सोयीसाठी प्रवेशपडद्यावर ठेवलेल्या साहाय्यक कार्यक्रमाच्या जागी आज्ञा देण्याचा कार्यक्रम ठेवण्याची युक्ती प्रचारात आली. दोन्हींचे मर्म एकच : पहारेकरी झोपलेला असताना त्याची वही बदलणे.

प्रत्यक्ष शब्द उलगडण्याचे मार्गही होते. जुन्या ‘लॅन मॅनेजर’ पद्धतीत शब्द चौदा अक्षरांपुरता मर्यादित असे, त्यातील सर्व अक्षरे मोठ्या लिपीत बदलली जात व त्याचे सात-सात अक्षरांचे दोन स्वतंत्र तुकडे केले जात. शिवाय युनिक्समधील ‘मीठ’ येथे नव्हते. स्वित्झर्लंडमधील लोझॅन येथील फिलिप ओएक्स्लिन यांनी २००३ मध्ये पूर्वगणित कोष्टकांची सुधारित पद्धत मांडून, १·४ गिगाबाइट माहितीच्या आधारे, या पद्धतीतील केवळ अक्षरे व अंक असलेल्या ९९·९ टक्के शब्दांचा उलगडा सरासरी १३·६ सेकंदांत करून दाखविला. ‘विंडोज व्हिस्टा’पासून या जुन्या स्वरूपातील मूल्ये साठविणे मूलतः बंद करण्यात आले.

कुलूप माहितीतच : येथवर वर्णिलेल्या सर्व उपायांना एक गोष्ट समान आहे. आतील माहिती उघड रूपात होती व परवलीचा शब्द केवळ दाराशी उभा होता. दार टाळले की माहिती हाती येई. माहितीच कूटबद्ध करून तिची किल्ली परवलीच्या शब्दाशी जोडण्यात आली, तेव्हा विस्मृतीचा अर्थ पालटला. ‘विंडोज २०००’मध्ये धारिका कूटबद्ध करण्याची सोय आली, पण स्वतंत्र यंत्रावर तिची राखीव किल्ली स्थानिक व्यवस्थापकाकडे असल्याने त्याचा शब्द पुसणाऱ्याला धारिकाही उघडता येत. २००१ मधील ‘विंडोज एक्स्‌पी’त हे छिद्र बुजविण्यात आले. परिणामी, बाहेरून शब्द पुसून प्रवेश मिळविणाऱ्या मालकाला आपल्या खात्यात जाता येई. परंतु स्वतःच कूटबद्ध केलेल्या धारिका त्याला कायमच्या दुरावत. शब्द आठवत असतानाच एक ‘पुनःस्थापन चकती’ तयार करून ठेवावी, असा यावरचा उपाय होता. विसरण्यापूर्वी विसरण्याची तयारी करणारे लोक थोडेच असतात.

२००७ पासून ‘बिटलॉकर’ने संपूर्ण चकतीच कूटबद्ध करण्यास प्रारंभ केला. ॲपल कंपनीने २०११ मध्ये ‘फाइलव्हॉल्ट’च्या दुसऱ्या आवृत्तीत हेच केले. अशी चकती दुसऱ्या प्रणालीने उघडली, तर निरर्थक अंकांखेरीज काही दिसत नाही. नॉर्वेतील ती लवचिक चकती येथे निरुपयोगी ठरते. प्रिन्स्टन येथील संशोधकांनी २००८ मध्ये, वीज तोडल्यावरही संगणकाच्या स्मृतीतील किल्ली काही सेकंद ते काही मिनिटे टिकते व ती वाचता येते असे दाखविले. पण त्यासाठी यंत्र नुकतेच चालू असावे लागते. बिटलॉकरची राखीव किल्ली ४८ अंकांची असून ती सहा-सहा अंकांच्या आठ गटांत लिहितात. प्रत्येक गटास ११ ने निःशेष भाग जातो, त्यामुळे उतरविताना झालेली चूक त्या त्या गटापाशीच कळते. या किल्लीचे महत्त्व १९ जुलै २०२४ रोजी जगाला कळले. सुरक्षा-कार्यक्रमाच्या सदोष सुधारणेमुळे सु. ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. उपाय सोपा होता, पण कूटबद्ध यंत्रांवर तो करण्यासाठी प्रत्येकाची स्वतंत्र राखीव किल्ली हवी होती, आणि काही संस्थांत किल्ल्यांची यादी बंद पडलेल्या संगणकांतच अडकली होती.

राखीव किल्ली नसेल, तर अनुमान एवढाच मार्ग उरतो. नॉर्वेतील ईवार ओसेन केंद्राचा अनुभव या संदर्भात बोधक आहे. १९८९ मध्ये निधन पावलेले भाषाभ्यासक रायडार यूपेदाल यांच्या ग्रंथसंग्रहाची सूची या केंद्राकडे होती. ती तयार करणारी व्यक्ती परवलीचा शब्द कोणालाही न सांगता मृत्यू पावली. हजारो ग्रंथ फडताळात उभे होते. त्यांत काय आहे हे सांगणारी सूची मात्र मुकी झाली होती. जून २००२ मध्ये केंद्राने जनतेला मदतीचे जाहीर आवाहन केले व अल्पावधीतच उत्तर आले : संग्राहकाचेच आडनाव उलट्या क्रमाने लिहिले होते. शब्द दुबळा होता म्हणूनच एका अभ्यासकाच्या आयुष्याची जमवाजमव वाचली. याउलट, सात हजारांवर बिटकॉइनांच्या किल्ल्या ज्यात आहेत अशा एका कूटबद्ध साधनाचा शब्द एक प्रोग्रॅमर विसरल्याचे जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर ते साधन आतील माहिती कायमची नष्ट करते आणि त्यांपैकी आठ प्रयत्न तोवर संपले होते.

शासनसंस्थाही या अडचणीतून सुटलेली नाही. कॅलिफोर्नियातील सान बर्नार्डिनो येथे डिसेंबर २०१५ मध्ये झालेल्या हत्याकांडानंतर मारेकऱ्याच्या ताब्यातील भ्रमणध्वनी तपासयंत्रणेच्या हाती आला. तो त्याच्या नियोक्त्या जिल्हा प्रशासनाच्या मालकीचा होता. तपासयंत्रणेच्या सांगण्यावरून प्रशासनाने त्याच्या जालीय खात्याचा परवलीचा शब्द बदलला. त्यामुळे तो भ्रमणध्वनी ओळखीच्या जाळ्यात नेऊन त्यातील माहितीची प्रत आपोआप पाठविली जाण्याची शक्यताच संपली. कुलूप उघडणारी आज्ञावली लिहून देण्याचा न्यायालयीन आदेश ॲपल कंपनीने फेब्रुवारी २०१६ मध्ये नाकारला, व मार्चअखेर त्रयस्थ पक्षाच्या साहाय्याने तो उघडल्याने वाद अनिर्णित राहिला. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यातील २००८ च्या सुधारणेनुसार, दुसऱ्याच्या परवलीच्या शब्दाचा कपटाने वापर करणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा व एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडाचा गुन्हा आहे (कलम ६६ सी). कलम ६९ अन्वये सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशानुसार माहितीचे कूट उकलण्यास साहाय्य न केल्यास सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. खरोखरच विसरलेला व विसरल्याचे सोंग करणारा यांत भेद कसा करावा, हा प्रश्न अर्थात तंत्रज्ञानाच्या कक्षेबाहेरचा आहे.

ओळखीचे दुय्यम पुरावे : जालीय सेवांनी विसरणाऱ्यांसाठी वैयक्तिक प्रश्नांची पद्धत आणली. आईचे माहेरचे आडनाव, पहिली शाळा यांसारखी ही माहिती गुप्त नसते. अमेरिकेतील उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सेरा पेलिन यांचे पत्रखाते सप्टेंबर २००८ मध्ये अशाच प्रश्नांची सार्वजनिक माहितीतून उत्तरे देऊन बळकाविण्यात आले. गूगल कंपनीच्या संशोधकांना २०१५ मध्ये असे आढळले की, अमेरिकेतील इंग्रजी भाषिक वापरकर्त्यांपैकी ४० टक्के लोकांना स्वतःचीच उत्तरे गरजेच्या वेळी आठवली नाहीत. म्हणजे ही पद्धत परक्याला सोपी व मालकाला अवघड ठरली. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ मध्ये ती त्याज्य ठरविली व परवलीचे शब्द ठराविक मुदतीने सक्तीने बदलावयास लावू नयेत, असेही सुचविले. आश्चर्य असे की, त्यानंतरच्याच वर्षी विंडोज १० मध्ये स्थानिक खात्यांसाठी याच प्रश्नांची सोय करण्यात आली.

सध्या पुनःप्रवेशाचा मार्ग बहुधा भ्रमणध्वनीवर येणाऱ्या एकवेळच्या अंकांतून किंवा दुसऱ्या पत्रखात्यातून जातो. म्हणजे एका कुलपाची किल्ली दुसऱ्या कुलपात ठेवलेली असते. २०१२ पासून विंडोज संगणकातील प्रवेशही जालीय खात्याशी जोडता येतो व तसे केल्यास विसरलेला शब्द अन्य यंत्रावरून बदलता येतो. बिटलॉकरची राखीव किल्लीही अनेकदा त्याच खात्यात आढळते. विसरल्याच्या तक्रारींपैकी काहींत विस्मृती नसतेच, हेही नमूद केले पाहिजे. मोठ्या लिपीची कळ दाबली गेलेली असते किंवा कळफलक रोमनऐवजी मराठीच्या इनस्क्रिप्ट मांडणीवर राहिलेला असतो. पडद्यावर ठिपकेच दिसत असल्याने बरोबर बोटे चुकीची अक्षरे उमटवीत आहेत, हे लक्षात येत नाही. मराठी व इंग्रजी दोन्हींत काम करणाऱ्यांनी पुढील कोणताही उपाय करण्यापूर्वी पडद्यावरील भाषादर्शक खूण पाहणे इष्ट ठरते.

मालकाच्या मृत्यूनंतर वारसांनी प्रवेश कसा मिळवावा, याची तरतूद अगदी अलीकडची आहे. गूगलने २०१३ मध्ये दीर्घकाळ न वापरलेल्या खात्यातील माहिती पूर्वनियुक्त व्यक्तीला देण्याची व ॲपलने २०२१ मध्ये वारस-संपर्क नेमण्याची सोय केली. दोन्हींतही नेमणूक मालकाने हयातीतच करून ठेवावी लागते, आणि ॲपलच्या व्यवस्थेत वारसाला मृत्यूचा दाखलाही सादर करावा लागतो.